दुपारची बाटली, पहाटेची बाटली

आमची पहिली पीपीटी ३१ स्लाइडची होती आणि बोलायला मिळणार होती ८ मिनिटं. पहिली स्लाइड शीर्षकाची, दुसरी कॉलेजच्या इमारतीच्या फोटोची, तिसरीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'पाणी हेच जीवन'. चौथीपर्यंत आम्ही रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी आहोत हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. सरांनी ती शेवटपर्यंत शांतपणे बघितली, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि म्हणाले, "लग्नाचा अल्बम छान झालाय. आता प्रोजेक्ट दाखवा."

मी टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, बीएस्सी केमिस्ट्री. राहायला कळव्याला, कॉलेज ठाण्यात. प्रोजेक्टला जोडीदार म्हणून वर्गातली मैत्रीण. तिला अख्खी लॅब 'ब्युरेट' म्हणते. ब्युरेट म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडणारी काचेची लांब, बारीक नळी, आणि हीसुद्धा उंच आहे, सडसडीत आहे आणि थेंबाथेंबाने बोलते. (हे लिखाण तिने वाचलंय आणि टोपणनावासकट पास केलंय.) संशोधनाच्या स्पर्धा म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना 'आविष्कार' आठवतं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ती मोठी स्पर्धा. पण कॉलेजं आपापल्या लहान परिषदाही भरवत असतात. आम्हाला जायचं होतं नवी मुंबईतल्या अशाच एका कॉलेजच्या परिषदेला, जानेवारीत. ८ मिनिटं बोलायचं, ४ मिनिटं प्रश्न.

विषय निवडायला डोकं खाजवावं लागलं नाही. ठाणं म्हणजे तलावांचं शहर, हे आम्ही बालवाडीपासून ऐकतोय. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर. गावात तीसहून जास्त तलाव आहेत, आणि ठाणेकराला दिशा सांगायची तर तो निम्म्या वेळा एखाद्या तलावावरूनच सांगतो. आम्ही त्यातला एक घेतला. कुठला ते सांगणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

मोजायचा होता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. लॅबच्या भाषेत डीओ. पद्धत विंकलरची. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ मध्ये दिली आणि एकदोन सुधारणांसह अजूनही ती आमच्या जर्नलमध्ये ठाण मांडून आहे. काचेच्या बुचाची ३०० मिलीची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. काठावर बसूनच तिच्यात आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, अजिबात नसेल तर पांढरा. ऑक्सिजन एकदा त्या साक्यात अडकला की बाटली लॅबपर्यंत न्यायला उसंत मिळते. तिथे सल्फ्युरिक ॲसिड घातलं की साका विरघळतो, आयोडीन सुटतं, आणि मग ब्युरेटमधून थेंबाथेंबाने थायोसल्फेट. याला म्हणतात टायट्रेशन. रंग फिका होत आला की स्टार्च, गडद निळा, आणि कुठल्यातरी एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा. २०० मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट घेतलं तर ब्युरेटवरचा १ मिली म्हणजे लीटरमागे १ मिलीग्रॅम ऑक्सिजन. गुणाकार नको, भागाकार नको. कुणीतरी आळशी आणि हुशार माणसाने हे प्रमाण असं बेतलं असणार. त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

ऑक्टोबरभर आम्ही नमुने घेतले ते दुपारी दीड-दोनला. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं. लेक्चर साडेबाराला सुटायचं, लॅबमधले मामा त्यांचा डबा खाऊन एकला बाटल्या काढून द्यायचे आणि पाचला लॅबला कुलूप. त्यात बसेल तेवढं संशोधन.

आकडे आले ते बघून आम्ही हरखलो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात लीटरमागे किमान ५ मिलीग्रॅम ऑक्सिजन लागतो, मासे आणि वन्यजीवांसाठी ४. आमचा आकडा दोन अंकी! हिरव्यागार, काठावर वास मारणारा तो तलाव आमच्या हिशेबाने सह्याद्रीतल्या झऱ्याहून सरस निघाला होता. तिसाव्या स्लाइडवर आम्ही निष्कर्ष लिहिला: तलावाची प्रकृती उत्तम. एकतिसावीवर गुलाबाचं फूल आणि 'धन्यवाद'.

तर अल्बमचं झाल्यावर सरांनी तक्त्यातल्या पीएचवर, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कली ते सांगणाऱ्या आकड्यावर, बोट ठेवलं.

"पीएच किती म्हणालात?"

"नऊच्या वर, सर."

"पाणी किती अंश?"

"तीस."

"तीस अंशाला हवेतून पाण्यात ऑक्सिजन मावतो किती?"

ब्युरेटला पाठ होतं. "साडेसातच्या आसपास."

"मग वरचा कुठून आला? कोणी सिलिंडर सोडला तळ्यात?"

आम्ही गप्प. सर उठून खिडकीशी गेले, बाहेर बघत विचारलं, "सॅम्पल किती वाजता घेता?"

त्या एका प्रश्नात आमचा ऑक्टोबर बुडाला. पाणी हिरवं होतं ते शेवाळाने. शेवाळ उन्हात प्रकाशसंश्लेषण करतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच चढतो, आणि ऑक्सिजन इतका सोडतं की तो पाण्यात मावेनासा होतो. रात्री ऊन नाही, म्हणजे कमाई बंद. खर्च मात्र चालूच. शेवाळ श्वास घेतं, मासे घेतात, तळाशी कुजणारं निर्माल्य आणि माशांना म्हणून टाकलेले पाव कुजवणारे जिवाणू तर दोन्ही हातांनी घेतात. खडखडाट होतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. आम्ही एक तारखेला पगार झाल्या झाल्या तलावाचं पासबुक बघत होतो आणि म्हणत होतो, माणूस श्रीमंत आहे.

"पहाटे जा," सर म्हणाले. सांगायला सोपं होतं.

घरी आई म्हणाली, "पहाटे पाचला तळ्यावर? नवस बोलली आहेस का?" शेवटी असं ठरलं की आदल्या रात्री मी ब्युरेटकडे झोपायचं, तिचं घर तलावापासून चालत दहा मिनिटांवर, आणि तिचे बाबा आम्हाला सोडून पुढे त्यांच्या मॉर्निंग वॉकला जाणार. बाटल्या आणि पहिली दोन रसायनं मामांकडून संध्याकाळीच रजिस्टरमध्ये सही करून घ्यायची. ती ठेवायला थर्माकोलचा डबा आणला ब्युरेटने, ओळखीच्या मासळीवालीकडून. धुतला तरी त्याचा वास गेला नाही. ॲसिड बरोबर न्यायचं नाही ही सरांची ताकीद होती. ॲसिडचं काम लॅब उघडल्यावर.

पहिल्या पहाटे साडेपाचला गेलो तर गेट बंद. आतून वॉचमन काका आले, टॉर्च तोंडावर मारला, आमची आयकार्डं उलटसुलट बघितली, थर्माकोलचा डबा हुंगला. "मासे पकडायला आलात का?" आम्ही नाही नाही म्हणत सगळं समजावलं. त्यांना काय समजलं माहीत नाही, पण त्यांनी गेट ढकललं. "सहाला उघडतं खरं. लवकर आटपा."

काठावर बसून ब्युरेटने बाटली पाण्यात धरली आणि तशीच थांबली. पाण्यावर जिकडे तिकडे बारीक बारीक वर्तुळं उठत होती, पाऊस पडतोय अशी. पाऊस नव्हता. मासे होते, शेकड्यांनी, तोंडं वर काढून उघडमीट करत.

"रोजचंच आहे ते," मागून काका म्हणाले. "पहाटेला वर येतात. ऊन पडलं की जातात खाली. आभाळ असलं ना, तर आठ-साडेआठपर्यंत वरच."

"किती दिवसांपासून?"

"मी लागलो तेव्हापासून. आठ वर्षं झाली."

मी आणि ब्युरेटने एकमेकींकडे बघितलं. महिनाभर आम्ही ज्या तळ्याच्या प्रकृतीचे तक्ते भरत होतो, त्याचा दमा या माणसाला आठ वर्षं माहीत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं एवढंच. आम्हीही दुपारी जायचो तेव्हा त्यांची पाळी नसायची. त्यांची पाळी रात्री नऊची. आल्या आल्या पहिलं काम म्हणजे साडेनऊला तळ्यातलं कारंजं बंद करायचं, मग गेट, मग फेरी. हे सगळं ते बोलत होते, आम्ही हो हो करत होतो आणि लक्ष सगळं बाटलीवर.

कारण बाटलीत जे दिसत होतं ते आम्ही आधी बघितलंच नव्हतं. दुपारच्या बाटलीत साका धरायचा तो कॉफीच्या गाळासारखा गडद. हा मळकट पांढरा, त्याला तपकिरीची नुसती झाक. थायोसल्फेट घालायच्या आधीच निकाल कळला होता. तरी लॅबमध्ये टायट्रेशन केलं, दोनदा केलं. ४ च्याही खाली.

त्याच दिवशी दुपारी पुन्हा नमुना घेतला आणि दोन बाटल्या पांढऱ्या कागदासमोर शेजारी शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढला. अशा आम्ही सात पहाटा केल्या, प्रत्येकीची दुपारही. सातही दिवस तीच कथा. तिसऱ्या पहाटेनंतर काका चहा घेऊन यायला लागले.

संशोधन इथे संपलं. खरं काम, म्हणजे ते आठ मिनिटांत सांगणं, इथून सुरू झालं आणि त्यात आमची दोन भांडणं झाली.

पहिलं भांडण ऑक्टोबरच्या आकड्यांवरून. ब्युरेटचं म्हणणं, तो महिना गाळून टाकू, थेट पहाट आणि दुपार अशी तुलना दाखवू, अभ्यास पहिल्यापासून तसाच आखला होता असं वाटेल. माझं म्हणणं उलटं. आपण फसलो हीच तर गंमत आहे. परीक्षकांनाही आधी फसवू. पहिल्याच स्लाइडवर दुपारचा आकडा आणि 'प्रकृती उत्तम' असा शिक्का. त्यांना मान डोलावू दे. मग घड्याळ. मग दुसरी बाटली. ब्युरेट म्हणाली, "आपण मूर्ख दिसू." मी म्हटलं, "होतोच." ती दोन दिवस बोलली नाही, अर्थात तिच्या बाबतीत ते कळायला एक दिवस जातो. शेवटी सरांकडे गेलो. त्यांनी निवाडा केला नाही, एवढंच म्हणाले, "पहिला महिना गाळा की. फक्त मला सांगा, मग पहाटे उठून तळ्यावर जावं असं तुम्हाला का वाटलं म्हणणार? स्वप्न पडलं?"

एकतीसच्या नऊ झाल्या. इमारत गेली, 'पाणी हेच जीवन' गेलं, विंकलरचा फोटो आणि १८८८ गेलं. हे काढताना मला खरोखर वाईट वाटलं, मी तो इतिहास मन लावून शोधला होता. चौदा रकान्यांचा तक्ता गेला. त्याच्या जागी एकच आलेख, सात दिवस, दोन रेघा, आणि ४ वर एक आडवी तुटक रेघ. गुलाबाचं फूलही गेलं. शेवटची स्लाइड कुठली असावी यावर सरांचा एक खाक्या आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी पडद्यावर जी स्लाइड अडकून राहते तीच सगळ्यात जास्त वेळ बघितली जाते. मग तिथे गुलाब कशाला? आम्ही दोन बाटल्यांचा फोटो ठेवला.

दुसरं भांडण भाषेचं. नियमात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालत होत्या, पण आमच्या कॉलेजातून आजवर विज्ञानाचं कोणी मराठीत केलेलं आठवत नव्हतं. मी आठवी ते दहावी सेमी-इंग्लिश, ब्युरेट पूर्ण मराठी माध्यमाची. इंग्रजीत आम्ही दोघी पाठ करून बोलू शकत होतो. ठेच लागली की मात्र पहिल्या वाक्यापासून पुन्हा, पाढे म्हणताना होतं तसं. सरांनी इथे मात्र सरळ सांगितलं: "आठ मिनिटं कुठल्याही भाषेत काढाल. पुढची चार मिनिटं ज्या भाषेत काढू शकाल, ती घ्या." मराठी ठरली. पण डीओ, पीएच, टायट्रेशन हे तसंच ठेवलं. 'विद्राव्य प्राणवायू' म्हटल्यावर लॅबमधले मामासुद्धा हसले असते.

मराठी ठरली आणि फॉन्टचं महाभारत सुरू झालं. ब्युरेटच्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. तो म्हणाला, द्या, झकास करून देतो. दिली. त्याच्या कॉम्प्युटरवर देखणी दिसत होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली तर नऊच्या नऊ स्लाइडवर टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं आणि उलटे स्वल्पविराम. त्याने दुकानातला छपाईचा जुना फॉन्ट वापरला होता, जो ज्या मशिनमध्ये असेल तिथेच मराठी दिसतो, बाकी सगळीकडे भुताटकी. त्या रात्री मी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं, शिवाय एक पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर, एक मेलवर आणि एक ब्युरेटच्या मोबाइलमध्ये. मराठीत सादरीकरण करणाऱ्याने बाकी काही ऐकलं नाही तरी पीडीएफचं ऐकावं.

रंगीत तालीम पहिली आमच्या घरी झाली. श्रोता एक, आई, मेथी निवडत. मी उभी राहून सुरुवात केली, मोबाइलवर घड्याळ लावलं. संपलं तेव्हा चौदा मिनिटं झाली होती आणि आईची एक जुडी. तिने विचारलं, "ते नॉर्मल-थायो राहू दे. मासे मेले का नाही?"

"मेले नाहीत गं. वर येतात."

"मग ते कुठे सांगितलंस?"

सांगितलंच नव्हतं. मासे आम्ही मोजले नव्हते, म्हणून ते आमच्या 'निरीक्षणां'त बसत नव्हते. पण आईच्या प्रश्नानंतर ते चौथ्या स्लाइडवर आले. मग प्रश्न उभा राहिला काकांचं काय करायचं. आठ वर्षांचं निरीक्षण त्यांचं. ते आमचं म्हणून खपवणं बरं नाही. सर म्हणाले, शोधनिबंधात अशा वेळी 'वैयक्तिक संवाद' असं लिहून त्या माणसाचं नाव देतात. आम्ही काकांना विचारायला गेलो, खरं तर त्यांना आनंद होईल या अपेक्षेने. ते एकदम सावध झाले. "नाव नको टाकू पोरी. मी ठेकेदाराकडे आहे. उद्या कोणी विचारलं, मुलींना सहाच्या आधी आत कोणी सोडलं, तर?" म्हणून स्लाइडवर 'तलावावरील एक कर्मचारी' एवढंच गेलं, आणि इथे मी तलावाचं नाव सांगत नाही ते त्यासाठीच.

दुसरी तालीम लॅबमध्ये, एसवायच्या मुलांसमोर, रेकॉर्डिंग लावून. आपलं बोलणं स्वतः ऐकणं ही शिक्षा आहे. मी दर वाक्याच्या सुरुवातीला 'तर' म्हणते. 'तर आपण बघितलं की, तर दुपारी, तर पहाटे.' ब्युरेट 'तर' म्हणत नाही, पण वाक्याच्या मध्ये इतकी थांबते की ऐकणाऱ्याला वाटावं विसरली. शेवटी वाटणी अशी झाली: गोष्ट मी सांगायची, रसायनशास्त्र तिने. टायट्रेशनबद्दल बोलताना ती थांबत नाही. अकरा मिनिटं, मग साडेनऊ, मग सात पंचावन्न.

परिषदेच्या दिवशी ठाण्याहून वाशीची गाडी धरली. दिघागाव, ऐरोली, रबाळे. दर स्टेशनाला एक स्लाइड मनातल्या मनात. तुर्भ्याला निष्कर्ष आला, सानपाड्याला मी पहिलं वाक्य विसरले.

तिथला नंबर साडेअकराचा होता, तो लागला पावणेतीनला. जेवणानंतर. निम्मे लोक पेंगत होते आणि आमच्या आधीच्या मुलाने पडद्याकडे तोंड करून सगळ्या स्लाइड वाचून दाखवल्या होत्या. मी उभी राहिले. पहिली स्लाइड: दुपारचा आकडा, 'प्रकृती उत्तम'. परीक्षक दोघे होते, एक बाई, एक सर. बाईंनी मान डोलावली. मला आतून गुदगुल्या झाल्या. मग म्हटलं, "ही दुपारी दोनची गोष्ट. आता पहाटे साडेपाचची," आणि बटण दाबलं.

पडद्यावर दोन बाटल्या आल्या. दोन्ही सारख्याच. तिथल्या प्रोजेक्टरचा दिवा इतका मंदावलेला होता की गडद तपकिरी आणि मळकट पांढरा दोन्ही राखाडी दिसत होते. माझ्या आठ मिनिटांचा सगळा डोलारा त्या एका रंगावर उभा होता. मी "तर" म्हटलं. पुन्हा "तर" म्हटलं.

ब्युरेट उठली. तिच्या फाइलमध्ये त्या फोटोची रंगीत प्रिंट होती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेली. तिने ती कधी काढली मला माहीतही नव्हतं. ती व्यासपीठावरून उतरून सरळ गेली आणि परीक्षकांच्या टेबलावर प्रिंट ठेवली, बाटलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "डावी दुपारची. उजवी पहाटेची." मग परत येऊन उभी राहिली. बाईंनी प्रिंट उचलून डोळ्यांजवळ धरली, सरांकडे सरकवली. मागच्या दोन रांगांतली मुलं उठून बघायला लागली. त्यानंतर मला 'तर' लागला नाही. माशांचं सांगताना तर हॉलमधलं पेंगणंही थांबलं होतं. सातव्या मिनिटाला घंटा झाली तेव्हा शेवटच्या फोटोआधीची एक स्लाइड उरली होती, ती सोडून दिली. काय होतं तिच्यात ते आता आठवतही नाही.

प्रश्न. बाईंनी विचारलं, अझाइड कशासाठी? ब्युरेट एका दमात बोलली: पाण्यात सांडपाण्यामुळे नायट्राइट असलं तर ते आयोडीन सोडून आकडा खोटाच फुगवतं, अझाइड त्याचा काटा काढतं. सरांनी विचारलं, "सात दिवसांवरून तुम्ही तळ्याची नाडी ठरवणार?" याची तयारी आमच्या सरांनी करून घेतली होती: जेवढं मोजलंय तेवढंच बोला. "नाही सर. हे त्या सात दिवसांचं आहे. सातही दिवस ऊन होतं. ढगाळ दिवशी मासे उशिरापर्यंत वर राहतात असं तिथले कर्मचारी सांगतात, पण ते त्यांचं निरीक्षण आहे, आम्ही मोजलेलं नाही." सरांनी काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, कळलं नाही.

शेवटचा प्रश्न परीक्षकांचा नव्हताच. मागून एक मुलगा उठला, बहुतेक इंजिनीअरिंगचा. "त्या तलावात कारंजं आहे का?"

"आहे."

"मग त्याने पाण्यात हवा मिसळत असेल ना? ते चालू असूनही पहाटे एवढा कमी?"

मला काकांचं साडेनऊ आठवलं. आठ वेळा ऐकलेलं, एकदाही न लिहिलेलं. "ते संध्याकाळी चालतं," मी म्हटलं. "साडेनऊला बंद होतं."

"म्हणजे तळ्यात ऑक्सिजन शिल्लक असतो तेव्हा चालू, आणि नसतो तेव्हा बंद?"

हॉल हसला. मीही हसले, दुसरं काय करणार. बाईंनी विचारलं, "रात्री कारंजं चालू ठेवून पहाटे मोजलंत का कधी?"

"नाही मॅडम."

"हं," त्या म्हणाल्या, आणि वेळ संपली.

नंबर आला नाही. पहिला आला तो सौरऊर्जेवरच्या वाळवणीचा प्रकल्प, आणि खरंच चांगला होता. आम्हाला सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली, त्यात माझ्या आडनावाचा एक काना गायब आहे. परतीच्या गाडीत ब्युरेट घणसोलीपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "कारंज्याची मोटर किती हॉर्सपॉवरची असेल?"

काकांना निकाल सांगायला गेलो तर त्यांना स्पर्धेपेक्षा त्या मुलाचा प्रश्न जास्त आवडला. "बरोबर बोलला तो. पण मी आपला हुकमाचा ताबेदार. किल्ली माझ्याकडे, वेळ वरून येते." वरून म्हणजे कुठून, तेही त्यांनीच सांगितलं.

मग आम्ही अर्ज लिहिला. पीपीटीपेक्षा जास्त वेळ लागला. विषय: तलावातील कारंजे प्रायोगिक तत्त्वावर चार दिवस पहाटे ३ ते ६ या वेळेत सुरू ठेवण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये. दोन बाटल्यांचा फोटो सोबत जोडला, आलेख जोडला, सरांची सही घेतली, कॉलेजचा शिक्का घेतला. काकांचा उल्लेख कुठेही येणार नाही हे तीनदा वाचून बघितलं.

सोमवारी जाऊन दिला. आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उघडला, फोटो जरा वेळ बघितला, विषय वाचला, पुन्हा वाचला. शिक्का मारला, आवक क्रमांक टाकून पोच दिली. आम्ही वळलो तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"अगं पोरींनो, पहाटे तीनला कारंजं? बघायला कोण येणार?"